कुत्र्याला परदेशी नेताना चार महिने हाताशी हवेत

परदेशातील नोकरीचे पत्र हाती पडले की घरातल्या माणसांचे पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटे यांची धावपळ सुरू होते. घरच्या कुत्र्याचा विचार मात्र बहुधा सामान बांधायच्या वेळी होतो आणि तोवर उशीर झालेला असतो. भारतातून कुत्र्याला ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात न्यायचे, तर पहिल्या लशीपासून किमान चार महिने लागतात. पैसे मोजूनही हा काळ कमी करून मिळत नाही.

याचे कारण रेबीज. भारतात हा रोग अद्याप आटोक्यात आलेला नाही. त्यामुळे सवलत असलेल्या देशांच्या ब्रिटिश वा युरोपीय यादीत भारत नाही. यादीबाहेरच्या देशातून येणाऱ्या कुत्र्यासाठी क्रम ठरलेला आहे. प्रथम कातडीखाली १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक भरले, तर नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे. लस लागू पडली हे रक्त सांगते; लशीपूर्वीच संसर्ग झालेला नव्हता, याची खात्री या प्रतीक्षेतून होते.

घोटाळा होतो तो क्रमात. आपल्याकडे जागरूक मालक लस चुकवत नाहीत, पण चिप क्वचितच बसवतात. चिपपूर्वी दिलेली लस कार्डावर कितीही ठळक नोंदलेली असो, ती ग्राह्य धरली जात नाही आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. पुढील डोसची तारीख उलटून गेली, तरी हीच गत. याउलट डोस वेळेवर होत राहिले, तर एकदा उत्तीर्ण झालेली रक्तचाचणी पुन्हा करावी लागत नाही. बदलीची नुसती शक्यता असली तरी ही दोन्ही कामे आधीच उरकून ठेवणे शहाणपणाचे.

पूर्वीच्या मानाने हेही सुसह्यच म्हणायचे. २०१२ पूर्वी भारतातून ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या कुत्र्याला सहा महिने सक्तीच्या विलगीकरणात काढावे लागत. आता प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्यकाकडून फीतकृमीचे औषध देऊन तशी नोंद घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये कुत्रा विमानाने मालवाहतुकीतूनच जातो, मालकाच्या पायाशी बसून नव्हे.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा आणि भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. रक्तचाचणीचा ग्राह्य अहवाल नसेल, तर २८ दिवसांचे विलगीकरण. जपानसाठी दोन लशी, रक्तचाचणी आणि नमुना घेतल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट नेताच येत नाही. आधी मान्यता असलेल्या दुसऱ्या देशात मुक्काम, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान १० दिवस.

निघण्यापूर्वी केंद्र सरकारच्या पशुसंगरोध सेवेचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. तिचे कार्यालय मुंबईतही आहे. युरोपात प्रवेशासाठी हे प्रमाणपत्र १० दिवसच चालते, म्हणून ते अखेरच्या आठवड्यातच घ्यावे. पिंजऱ्यात कुत्र्याला उभे राहता, वळता आणि पसरून झोपता आले पाहिजे. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या जातींना उष्म्यात श्वसनाचा त्रास होत असल्याने अनेक विमान कंपन्या त्यांना नाकारतात. गुंगीचे औषध मात्र देऊ नये. हवेत रक्तदाब आणि श्वसन बिघडले तर तिथे पाहणारे कोणी नसते. त्यापेक्षा पिंजरा महिनाभर आधी घरात आणून कुत्र्याला त्यात झोपायची सवय लावावी.

आणखी एक अट सहसा लक्षात येत नाही. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर पडले, तर ब्रिटन आणि युरोपीय संघात ती व्यापारी आयात ठरते व तिचे वेगळे, अधिक जाचक नियम लागू होतात. कुत्र्याला आजी-आजोबांकडे ठेवून पुढे गेलेल्या कुटुंबातील कुणाला तरी चार महिन्यांनी त्याच्यासाठी परत यावे लागते.