उपचार चिठ्ठीने ठरले, तेव्हा… (थ्रेड)

१/ १९७० च्या आसपास अमेरिकेत स्तनात गाठ आढळलेली स्त्री भूल घेई, तेव्हा शुद्धीवर आल्यावर आपला स्तन शाबूत असेल की नाही, हे तिला बहुधा ठाऊक नसे. गाठीचा तुकडा तिथल्या तिथे तपासला जाई आणि कर्करोग निघाला, तर त्याच भुलेत स्तन काढला जाई. ही प्रथा मोडण्यात रुग्णांचा वाटा किती मोठा होता, ते पाहू.

२/ ही शस्त्रक्रिया रूढ केली बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी. १८९४ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी असे सारे एकत्र काढले जाई. अनेकींचा हात कायमचा सुजे. तरीही 'जितके अधिक कापावे तितके बरे' हा समज पाऊणशे वर्षे टिकला.

३/ पिट्सबर्गचे शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांनी त्या समजाला आव्हान दिले. १९७६ मध्ये त्यांनी प्रश्न मांडला: केवळ गाठ काढून स्तन राखता येईल का? कोणत्या स्त्रीला कोणता उपचार, हे डॉक्टरांनी नव्हे, तर चिठ्ठीने ठरवायचे होते. डॉक्टरांनी निवड केली असती, तर सौम्य आजाराच्या स्त्रिया एकाच गटात गेल्या असत्या आणि तुलना फोल ठरली असती.

४/ नोंदणी मात्र फार संथ होती. स्त्रियाच नकार देत होत्या काय? १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने शल्यविशारदांनाच विचारले. रुग्णाशी असलेले नाते बिघडेल, ही त्यांची मुख्य भीती होती. 'कोणता उपचार श्रेष्ठ, हे आम्हालाही माहीत नाही,' असे मोकळेपणी बोलणे अनेकांना जड जात होते. म्हणजेच कित्येक स्त्रियांना कोणी विचारलेच नव्हते!

५/ रुग्णांच्या संशयालाही आधार होता. १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात २२ रुग्णांना जिवंत कर्कपेशी टोचल्या गेल्या. त्या कर्कपेशी आहेत, हे त्यांना सांगितलेच नाही. पुढच्याच वर्षी हेलसिंकी जाहीरनाम्याने रुग्णाच्या संमतीचे तत्त्व जगापुढे मांडले.

६/ फिशर यांचे पहिले निष्कर्ष १९८५ मध्ये आले. २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, ते १,८५१ स्त्रियांचे. स्तन काढला वा राखला, जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. केवळ गाठ काढलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात रोग उलटला. किरणोपचाराची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते.

७/ हीच पद्धत मुंबईतही फळाला आली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रिया एका चाचणीत सहभागी झाल्या. शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे भुलीचे स्वस्त औषध टोचले गेले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: ५ वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के.

८/ चाचणीत भाग घेतल्याने स्वतःला लाभ होईलच, याची हमी नसते. परंतु आज संमती लेखी घ्यावी लागते, ती केव्हाही मागे घेता येते आणि भारतात २००९ पासून चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी सक्तीची आहे. म्हणून घरात कोणाला कर्करोग झाला, तर डॉक्टरांना अवश्य विचारा: 'आमच्यासाठी एखादी चाचणी सुरू आहे का?' डॉक्टर आपणहून सांगतीलच असे नाही, हे १९८४ च्या त्या पाहणीने दाखवून दिले आहे.