पडद्यावरचा चेंडू आणि सृष्टीचा खरेपणा

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवन नांवाची अणुसंशोधनाची प्रयोगशाळा आहे. ती लोकांस पाहावयास खुली करण्याचे कांहीं दिवस ठरलेले असत. परंतु भिंतीवरचे तक्ते व मुकाट यंत्रें पाहून पाहुणे कंटाळतात, हें तेथील विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें. हातीं असलेल्या गणकयंत्रावर उसळत्या चेंडूचा मार्ग कसा काढावा, हें त्या यंत्राच्या माहितीपुस्तकांतच दिलें होतें. त्यावरून त्यानें एक खेळ जुळविला, आणि १८ ऑक्टोबर १९५८ रोजीं तो लोकांपुढें मांडला. पांच इंची गोल पडदा, त्यावर जमिनीची एक आडवी रेघ, जाळ्याची एक लहान उभी रेघ, आणि चेंडू म्हणजे प्रकाशाचा एक ठिपका. एक कळ फिरवून दिशा धरावयाची व बटण दाबून टोला मारावयाचा. एवढ्यासाठीं शेंकडों माणसें रांग धरून उभीं राहिलीं!

पुढील वर्षीं, म्हणजे १९५९ सालीं, त्यानें पडदा मोठा घेतला आणि एक नवीनच सोय केली. मनास येईल तर चंद्रावरच्या गुरुत्वाकर्षणांत खेळावें, नाहीं तर गुरु ग्रहावरच्या! त्यानंतर तें यंत्र मोडून त्याचे भाग दुसऱ्या कामीं लावण्यांत आले.

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. चित्र म्हणून पाहिलें तर त्या खेळांत कांहींच नव्हतें. एखाद्या पोरासही तें खरें टेनिस वाटलें नसतें. पण चेंडूचें पडणें मात्र निसर्गनियमास धरून होतें, आणि तो नियमच बदलण्याची सत्ता खेळणाऱ्याच्या बोटांत आली होती. त्या चिमुकल्या जगाचा ब्रह्मदेव पडद्याबाहेर खुर्चीवर बसला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९७२ सालीं अटारी कंपनीचा 'पाँग' आला आणि घराघरांत या खेळांचें नांव झालें. गंमत अशी कीं, पाँगच्या चेंडूस गुरुत्वाकर्षण ठाऊकच नव्हतें. तो सरळ रेषेंत जाई. म्हणजे एका अर्थीं पाऊल मागेंच पडलें. पुढचा इतिहास सर्वांस परिचित आहे. २०१८ पासून तर घरगुती यंत्रांतही, प्रकाशाचा किरण कोठें आपटून कोणीकडे वळेल याचा हिशेब खेळ चालू असतांनाच होऊं लागला. ओल्या रस्त्यावर दिव्याचें प्रतिबिंब असें पडतें कीं छायाचित्र कोणतें व खेळ कोणता हें चटकन् सांगवत नाहीं.

या प्रगतीवरून इलॉन मस्क या धनाढ्य उद्योजकानें २०१६ सालीं एका सभेंत असा तर्क केला: चाळीस वर्षांपूर्वीं दोन आयत व एक ठिपका, आज एवढें हुबेहूब चित्र, मग पुढें खेळ आणि सत्य यांत भेदच उरणार नाहीं, असे असंख्य खेळ चालतील, आणि आपण त्यांपैकीं एकांत नसून मूळ जगांत आहों, याचा संभव अब्जांत एक. याची जुळणी ऑक्सफर्डचे निक बॉस्ट्रम यांनीं २००३ सालींच अधिक सावधपणें केली होती. तीनपैकीं एक तरी गोष्ट खरी असलीच पाहिजे, एवढेंच ते म्हणतात: तितकी शक्ति येण्यापूर्वीं मानवजाति बहुधा नष्ट होते, अथवा शक्ति येऊनही असलीं जगें कोणी फारशीं निर्मीत नाहीं, अथवा आपण स्वतःच तशा जगांत आहों. शिवाय गणकयंत्रांत जाणीव उत्पन्न होऊं शकते, हें त्यांनीं गृहीत धरलें आहे. सिद्ध केलेलें नाहीं.

माझा आक्षेप नेमका येथेंच आहे. पाँगपासून आजवर सुधारलें तें दृश्य. द्रष्टा होता तेथेंच, पडद्याबाहेर, राहिला. चित्र कितीही हुबेहूब झालें तरी चित्रांतला मनुष्य पाहूं लागतो असें नाहीं. आमच्याकडे मायावादाचा दाखला म्हणून दोरीवरच्या सापाचा दृष्टांत देतात; पण तेथेंही साप खोटा ठरला तरी भिणारा कोणी तरी असावाच लागतो.

आणि समजा, हें जग कोणाच्या यंत्रांतलेंच निघालें, तर तें खोटें ठरेल काय? डेव्हिड चामर्स यांनीं २०२२ सालच्या ग्रंथांत याचें उत्तर 'नाहीं' असें दिलें आहे. त्यांच्या मतें तेथलें मेज खरेंच मेज, फक्त अंकांचें घडलेलें. 'अमृतानुभवां'त ज्ञानेश्वरांनीं अज्ञानाचें खंडन करून जगास चैतन्याचा विलास म्हटलें, त्याची येथें आठवण होते. दोघांची वाट एक नव्हे. पण जगास भ्रम म्हणून झटकून टाकणें दोघांसही मान्य नाहीं, आणि मला तें पटतें. तेथलें मेज खरें, तर तेथली भूक व तेथलें मरणही खरेंच.

हिगिनबॉथम यानें दुसऱ्या महायुद्धांत लॉस अलामॉस येथें अणुबाँबच्या विद्युत्-यंत्रणेचें काम केलें होतें. युद्धानंतर मात्र अण्वस्त्रांचा प्रसार थांबावा म्हणून तो जन्मभर खटपट करीत राहिला. १९९४ सालीं तो वारला. लोकांनीं आपणांस त्या खटपटीमुळें ओळखावें अशी त्याची इच्छा होती; लोक ओळखतात तें चेंडूच्या खेळामुळें.