अहल्याबाईंचे अन्नदान

अन्नदान हा आपल्या देवस्थानांच्या आचारधर्माचा प्राचीन भाग होय. देवाला नैवेद्य दाखवावा, आलेल्या अतिथीला पान वाढावे आणि मगच यजमानाने घास घ्यावा, हा क्रम महाजन कुटुंबांतील आबालवृद्धांना ठाऊक आहे. या क्रमाने वागणाऱ्या दात्याला जे समाधान लाभते त्याचे स्वरूप कसे असते, याचा विचार करू लागताच माळव्याच्या राज्यकर्त्या अहल्याबाई होळकर यांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

ऐहिक अर्थाने ज्याला सुख म्हणतात, ते बाईंच्या वाट्याला फारसे आले नाही. त्यांचा जन्म १७२५ मध्ये चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव निवर्तले आणि पुढल्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव गेला. उतारवयात नातू गेला, पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. त्या दुःखात बाईंनी तीन दिवस अन्नाला स्पर्श केला नाही, की कोणाशी शब्द बोलल्या नाहीत.

ही हकीकत सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. मध्य हिंदुस्थानाविषयीचा त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये, म्हणजे बाईंच्या निधनानंतर अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी प्रसिद्ध झाला. बाईंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून त्याने बारकाईने चौकशी केली. भक्तांच्या आख्यायिकांहून म्हणूनच या साक्षीचे मोल निराळे आहे.

माल्कम सांगतो की, बाई पहाटेपूर्वी उठत, स्नान-पूजा आटोपून पुराणश्रवण करीत, दानधर्म करीत आणि ब्राह्मणांना स्वहस्ते अन्न वाढीत. त्यानंतरच त्यांचे साधे शाकाहारी पान मांडले जाई. गोरगरिबांना रोज अन्न मिळे आणि सणावारी अगदी खालच्या थरातील लोकांनाही जेवण घातले जाई. उन्हाळ्यात रस्तोरस्ती वाटसरूंना पाणी देण्यासाठी माणसे नेमलेली असत, तर थंडीच्या दिवसांत दुर्बळांना वस्त्रे मिळत. महेश्वरच्या परिसरात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजले जाई. शेतकरी पिकावरून पाखरांना हाकलतात, म्हणून बाईंनी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी सोडली.

या दानाचा व्याप महेश्वरपुरता नव्हता. केदारनाथापासून रामेश्वरापर्यंत आणि द्वारकेपासून जगन्नाथपुरीपर्यंतच्या क्षेत्रांना दानधर्मासाठी प्रतिवर्षी रकमा पोचत. या व्यवहारातील एक गोष्ट महाजनांनी विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे. होळकरांच्या घरात दौलत आणि खासगी यांचे हिशेब वेगळे होते आणि धर्मकार्याचा भार बाईंनी खासगीवर ठेवला. रयतेच्या वसुलातून आपल्या पुण्याची तरतूद करावी, हे त्यांच्या वृत्तीत बसणारे नव्हते.

अन्नदानाने बाईंचे दुःख नाहीसे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मुक्ताबाईंच्या वियोगाचा शोक कोणत्याही पुण्यकर्माने पुसला जाणारा नव्हता. परंतु ज्या घरातील एकेक पान उठत गेले, त्याच घराच्या दारी परक्यांची पंगत अखेरपर्यंत बसत राहिली. आपल्या दुःखामुळे दुसऱ्याच्या भुकेकडे पाठ फिरवावयाची नाही, हा निश्चय हेच त्यांचे समाधान असावे, असे त्यांचा दिनक्रम वाचताना वाटते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे देहावसान झाले. काठावरचे घाट आणि देवळे आजही उभी आहेत, पण लोकांनी त्यांना जी देवी मानली, ती केवळ दगडी बांधकामासाठी खचितच नव्हे.

आपल्या देवस्थानांतही उत्सवांना समाराधना होतात, अग्रशाळांत पंगती उठतात. त्यांचा आनंद खराच आहे. तरीही एक प्रश्न आपण स्वतःस विचारावयास हवा. आपल्या पंगतीला बसणाऱ्यांपैकी खरोखर भुकेलेले किती आणि घरी सुग्रास अन्न असलेले किती? बाईंनी दारातल्या पंगतीवर समाधान न मानता वाटेवरचा तहानेला, नांगराचा बैल आणि शेतावरचे पाखरू हुडकून काढले. प्रत्येक महाजन कुटुंबाने आपल्या खासगीतून, कोणाच्याही डोळ्यांवर न येता, एका तरी भुकेल्या घराची चूल पेटती ठेवली, तर देवापुढील नैवेद्य पूर्णत्वास जाईल. तशी सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.