अस्थिमज्जेतल्या पेशीला हुकूम कोण देतं?

शरीराच्या संरक्षणात प्रत्येक पांढऱ्या पेशीचं काम वेगळं असतं. जिवाणूंवर सर्वांत आधी धावून जातात त्या न्यूट्रोफिल पेशी. मॅक्रोफेज जंतूही गिळतात आणि मेलेल्या पेशींचा कचराही साफ करतात. दोन्ही जन्मतात मात्र हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेतल्या एकाच प्रकारच्या पूर्वज पेशीतून. मग कुणी काय व्हायचं, हे ठरवतं कोण?

इस्रायलच्या वाइझमन संस्थेत डोव्ह प्लुझनिक आणि लिओ साक्स यांनी १९६५ साली, तर मेलबर्नमध्ये रे ब्रॅडली आणि डोनाल्ड मेटकाफ यांनी १९६६ साली स्वतंत्रपणे एक गोष्ट मांडली. आगरच्या अर्धघट्ट थरात अशा पूर्वज पेशींच्या वसाहती वाढतात, पण शेजारी दुसऱ्या पेशी असतील तरच. म्हणजे शेजाऱ्यांकडून काहीतरी झिरपत होतं. त्याला पुढे 'कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर', थोडक्यात सीएसएफ, असं नाव मिळालं.

हे द्रव्य इतकं अत्यल्प होतं की ते शुद्ध करण्यात वर्षं गेली. शिवाय ते एक नव्हतं, अनेक होती. जीएम-सीएसएफ आणि एम-सीएसएफ १९७७ साली शुद्ध झाले, जी-सीएसएफ १९८३ साली. एम-सीएसएफ मॅक्रोफेज वाढवतो, जी-सीएसएफ मुख्यतः न्यूट्रोफिल, जीएम-सीएसएफ दोन्ही.

तरी एक शंका उरली. हे घटक पेशीला दिशा देतात, की आधीच दिशा ठरलेल्या पेशींना फक्त जगवतात? मेटकाफ यांनी एका पूर्वज पेशीच्या दोन कन्यापेशी वेगळ्या करून त्यांना वेगवेगळे घटक दिले. त्यांचे मार्ग बदलले. २००९ साली टिम श्रोडर यांच्या चमूने एकेका पेशीचं सलग चित्रण करून दाखवलं की हे घटक खरोखर दिशा देऊ शकतात.

केमोथेरपी कर्करोगाबरोबर मज्जेवरही घाव घालते. न्यूट्रोफिल घटले की साधा संसर्गही जीव घेतो. १९९१ साली अमेरिकेत अशा रुग्णांसाठी जी-सीएसएफ मंजूर झालं. आज आपल्याकडेही केमोनंतर हे इंजेक्शन देतात.

आगरमधल्या त्या वसाहतींपासून या औषधापर्यंत पंचवीस वर्षं लागली. मेटकाफ १९५४ पासून आयुष्यभर कर्करोगासाठी जमवलेल्या देणगीच्या फेलोशिपवर काम करत होते. संशोधनाचा 'फायदा काय' हे पहिल्याच वर्षी विचारणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा, असं मला वाटतं.