रडार दुरुस्त करणाऱ्याचा पेसमेकर
हातातल्या घड्याळावर ठोके बघताना मला अर्ल बाकेन आठवतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात रडारचं काम शिकलेला. १९४९ ला मिनियापोलिसच्या एका गॅरेजात नातेवाइकाबरोबर दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायला बसला. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली. तेव्हाचे पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे, म्हणजे ऑपरेशन झालेल्या लेकरांचा जीव वायरीला टांगलेला! डॉ. लिलेहाय यांनी बाकेनलाच गाठलं. त्यानं मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून साधारण महिनाभरात अंगावर बाळगता येणारा बॅटरीचा पेसमेकर केला. इंजिनिअर होताच, पण हात दुरुस्तीत घडलेला. आमच्या तालुक्यात रुग्णालयातला मॉनिटर बंद पडलाय अन् आयटीआय झालेली पोरं कुरिअर वाटतायत. त्यांना तिथंच शिकाऊ म्हणून घ्या, असा अर्ज मी दिलाय.