पट्टा सुटला, साखळी आली
जुन्या मोटारसायकली दुरुस्त करताना चामडी पट्ट्याबद्दल माझा आदर वाढला. ‘व्ही’ आकाराचा तो पट्टा एका सिलिंडरच्या इंजिनाचे हिसके स्वतः सोसायचा. पण पावसात भिजला की पुलीवरून घसरायचा, चढावर तर हमखास. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने बुश-रोलर साखळी १८८० मध्येच केली होती, तरी बहुतेक ब्रिटिश कारखाने पट्ट्यालाच धरून राहिले. १९११ मध्ये आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत डोंगरी मार्गावर गेली आणि साखळीवर चालणाऱ्या, दोन गिअरच्या अमेरिकन ‘इंडियन’ गाड्यांनी सीनियर गटात पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. १९१५ च्या ट्रायम्फ ‘मॉडेल एच’मध्ये गिअरबॉक्सपर्यंत साखळी, पुढे चाकापर्यंत पट्टाच. हे अर्धे पाऊल मला शहाणपणाचे वाटते. साखळी हिसके गिळत नाही. त्यासाठी इंजिनाच्या शाफ्टवर स्प्रिंगचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवावा लागतो.