तिफणीचे चाडे

गेवराई तालुक्याच्या भूमीकडे इतिहासाने एकदा मोठ्या गांभीर्याने पाहिले, ते १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे तरुण माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा मोड केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला तेव्हा. त्या लढाईला इतिहासकार लाभले, तिच्या वर्णनांवर आम्ही शाळेत गुण मिळविले. परंतु त्याच तालुक्यातील तलवाडा या आमच्या गावी, त्वरितादेवीच्या टेकडीभोवतीच्या रानांत, ज्या तिफणीने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पेरली आणि जिच्या पेरणीवर पाटील-कुलकर्ण्यांची जमाबंदी, तालुक्याचा वसूल आणि शेवटी हैदराबादचा खजिना हे सारे उभे होते, त्या तिफणीला तिची घडण कोणत्या सुताराने दिली, हे माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही दफ्तरात लिहिलेले नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या दालनांतून हिंडताना हीच उणीव माझ्या मनात घर करून राहिली होती.

तिफण जवळून पाहावी अशी वस्तू आहे. तिचे चाडे म्हणजे कोरून काढलेले एक लहानसे लाकडी भांडे. त्याच्या तळाशी तीन छिद्रे, छिद्रांतून निघालेल्या तीन पोकळ नळ्या, आणि त्या नळ्यांची खालची टोके तीन फणांच्या मागे बसविलेली. बैल पुढे चालतात, फण काळ्या जमिनीत तीन रेघा ओढतात आणि मागून चालणारी बाई ओटीतले बी घेऊन चाड्यावर मूठ धरते. बोटांच्या फटींतून दाणा किती सुटावा, हे तिचा हात ठरवितो. सुटलेला दाणा तिन्ही नळ्यांत सारखा वाटला जावा, हे सुताराने आधीच ठरवून ठेवलेले असते. छिद्रे समान अंतरावर नसतील तर एक तास दाट आणि दुसरे विरळ उगवते, व ती चूक हस्ताच्या पेरणीपासून सुगीपर्यंत सगळ्या गावाला दिसत राहते. इतक्या उघड परीक्षेला आपले काम लावणारे कारागीर फार थोडे असतील. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थानात असेच पेरणीचे अवजार पाहिले, आणि जी युक्ती आपण युरोपची अर्वाचीन शोधकता समजत होतो ती येथील कुणबी सहज वापरीत आहेत, असे त्याने विलायतेच्या कृषिमंडळाला कळविले. त्याची पत्रे धरमपालांनी १९७१ साली पुन्हा प्रकाशात आणली.

वापरातल्या वस्तू काचेच्या कपाटात मांडून त्यांची घडण लोकांना दाखवावी, ही कल्पना आपल्याकडे आली ती मात्र व्यापाराच्या वाटेने. लंडनला १८५१ साली सर्व राष्ट्रांच्या कारागिरीचे महाप्रदर्शन भरले. त्याच्या पाठोपाठ तेथे उद्योगकलांचे जे संग्रहालय निघाले ते पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने विख्यात झाले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करताना मुंबईतही तसा संग्रह असावा असा विचार झाला, आणि कोटातील लष्करी बराकीत त्याची मांडणी झाली. दोनच वर्षांत, १८५७ च्या धामधुमीत, लष्कराला जागा हवी म्हणून तो संग्रह बाहेर काढण्यात आला व त्याची पुष्कळ नासधूस झाली. तरीही डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी चिकाटी सोडली नाही. १८६२ साली भायखळ्याच्या बागेत नव्या इमारतीची पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. १९७५ पासून तिला भाऊ दाजींचे नाव आहे. तेथे मातीच्या लहान लहान मूर्तींतून नाना धंद्यांची माणसे आपापल्या वेशात घडविलेली आहेत. त्यांच्यापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. धंदा हुबेहूब होता, पण तो करणारा माणूस केवळ नमुना म्हणून तेथे आला होता.

केळकर संग्रहालयाचा जन्म याहून अगदी निराळ्या भावनेतून झाला. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. ऐतिहासिक काव्यासाठी त्यांनी प्रथम जुन्या शस्त्रांचा शोध घेतला, पण १९२० च्या सुमारास सुरू झालेला तो छंद वाड्यांच्या माजघरांत, अडगळीच्या खोल्यांत आणि जुन्या बाजारांत शिरला. दिवे, कुलुपे, दौती, फण्या, वज्री, अडकित्ते, कोरीव दरवाजे असे ते आयुष्यभर जमवीत राहिले. पत्नी कमलाबाई या कष्टात त्यांच्या बरोबरीने होत्या. राजा हा त्यांचा मुलगा अवघ्या सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावाने उभा राहिलेला हा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संसार त्यांनी शेवटी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मुंबईच्या संग्रहाने कारागिरीचे मोजमाप केले, पुण्याच्या संग्रहाने तिच्यावर माया केली, असे मला वाटते. म्हणूनच तेथील अंगावरचा मळ घासण्याची वज्रीदेखील एखाद्या देवघरातल्या वस्तूसारखी जपलेली दिसते.

अडकित्त्यांच्या कपाटापाशी माझे पाऊल अडले. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ एवढे पुरते; परंतु येथे कोणाच्या मुठीचा मोर झाला आहे, कोठे स्त्रीपुरुषांची जोडी पात्यांच्या उघडझापीबरोबर जवळ येते आणि दूर जाते. ही शोभा वरून चिकटविलेली नाही. मोराची मान जेथे वळते तेथेच अंगठा टेकतो, आणि जेथे हाताला जोर लावायचा तेथेच धातू जाड ठेवलेला आहे. उपयोग आणि शोभा यांची फारकत ज्या कारागिराच्या मनात कधी झालीच नाही, त्याच्या हातूनच असे काम होते. कपाटात वस्तू होती, तिचे नाव होते. घडविणाऱ्याचे नाव नव्हते, आणि ते कोणाला ठाऊक असण्याचा संभवही नव्हता.

याचे कारण आपल्या गावगाड्यात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले, तिच्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना खळ्यावरच्या बलुत्याचा हक्क होता, कोठे कोठे वतनही होते. पण दफ्तराला व्यक्ती नको होती, त्याला हक्कदार हवा होता. सुताराची तिफण मोडली तर कुणबी त्याच्याच दाराशी जाई, त्यामुळे कामावर नाव कोरण्याची गरज कोणाला भासली नाही. गावाला हात ओळखू येत असे. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे एक विसरतात, की ज्यांच्या कातड्याच्या मोटेने विहिरीचे पाणी मळ्यात चढले, त्यांनाच त्या विहिरीच्या पाण्याला शिवण्याची मनाई होती. ओळख होती, मान नव्हता. ही गोष्ट संग्रहालयाच्या भिंतीवर लिहिलेली असायला हवी, असे मी मनापासून म्हणतो.

१९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने आपल्या अहवालात सर्वांत अधिक कौतुक केले ते साध्या तांब्याचे, आणि त्या अहवालानंतर तीन वर्षांनी अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तांब्या हा एकाच बुद्धीचा विचार नव्हे, अनेक पिढ्यांच्या हातांनी तो घडत गेला, हे त्यांनी ओळखले. तलवाड्याच्या तिफणीविषयी मला हेच म्हणायचे आहे, फक्त त्या पिढ्यांना घरे होती, नावे होती, थकवा होता, एवढे त्यात जोडावेसे वाटते.

पुण्याहून परतल्यावर मी आमच्या जुन्या घराच्या माळवदाखाली खुंटीला टांगलेले चाडे खाली काढले. पेरणी आता ट्रॅक्टरने होते, त्यामुळे त्यावर धुळीचा थर होता. धूळ पुसल्यावर कड हाताला गुळगुळीत लागली, जेथे आजीची मूठ टेकत असे त्या बाजूला किंचित झिजलेली. आत बोट घालून मी तिन्ही छिद्रे चाचपली. दोन सारखी होती. तिसऱ्याच्या तोंडाशी पटाशीचा एक तिरपा घाव होता, छिद्र लहान पडले असे वाटून कोणीतरी मागाहून जपून मोठे केलेले. चाड्याला दोरी ओवून मी ते पुन्हा खुंटीला टांगले, मात्र या वेळी छिद्रे उजेडाकडे करून.